डिरेक्टरीची नाडी

(संगणकांच्या जगात नावे, पत्ते आणि ओळखी सांभाळणारी यंत्रे असतात. ती यंत्रे ठणठणीत आहेत की आजारी, आणि ती किती वेळात उत्तर देतात, हे कसे तपासतात याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, घरातल्या मोठ्या माणसांना एक गोष्ट विचारा. त्यांच्या तरुणपणी एखाद्याचा टेलिफोन नंबर माहीत नसला, तर ते काय करत? दोन उपाय होते. पहिला उपाय म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी. ते एक जाडजूड पुस्तक असे. त्यात गावातल्या टेलिफोनधारकांची नावे आणि नंबर छापलेले असत. दुसरा उपाय म्हणजे १९७ हा नंबर फिरवणे. तिथे चौकशी विभाग असे. आपण नाव सांगायचे आणि पलीकडच्या व्यक्तीने नंबर शोधून द्यायचा.

असा फोन करणाऱ्या माणसाच्या मनात चार प्रश्न येत. घंटा वाजते का? कोणी फोन उचलते का? मिळालेला नंबर बरोबर आहे का? आणि किती वेळ थांबावे लागले? घरात कोणी आजारी असेल आणि डॉक्टरांचा नंबर हवा असेल, तर यांपैकी एकही प्रश्न लहान नव्हता. हे चार प्रश्न लक्षात ठेवा. पुढे ते आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

आता छापील डिरेक्टरीचे दिवस मागे पडले आहेत. पण डिरेक्टरी नाहीशी झालेली नाही. ती संगणकात जाऊन बसली आहे. एखाद्या मोठ्या रुग्णालयाचा किंवा विद्यापीठाचा विचार करा. तिथे हजारो माणसे असतात. प्रत्येकाचे नाव, विभाग, परवलीचा शब्द आणि त्याला कोणकोणती कामे करण्याची परवानगी आहे, ही सारी माहिती एका खास संगणकात ठेवतात. त्याला ‘डिरेक्टरी सर्व्हर’ म्हणतात. सर्व्हर म्हणजे इतरांच्या प्रश्नांना उत्तरे देणारा संगणक.

या सर्व्हरशी कसे बोलावे, याचे नियम ठरलेले आहेत. १९८८ साली अशा नियमांचा एक मोठा संच तयार झाला. त्याचे नाव ‘एक्स ५००’. पण तो फार अवजड होता. लहान संगणकांना तो पेलत नसे. म्हणून अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात टिम होव्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हलके नियम तयार केले. ते १९९३ साली प्रसिद्ध झाले. त्यांना ‘एलडॅप’ म्हणतात. आजही जगभरातल्या कचेऱ्यांत आणि विद्यापीठांत एलडॅप वापरले जाते.

डिरेक्टरी सर्व्हरचे काम वहीतल्या नोंदी वाचून दाखवण्यासारखे आहे. त्यात नवीन नोंद क्वचित होते, पण वाचन मात्र सतत चालू असते. समजा, सलमा एका रुग्णालयात परिचारिका आहे. सकाळी ती संगणकासमोर बसते आणि आपले नाव व परवलीचा शब्द लिहिते. संगणक लगेच डिरेक्टरी सर्व्हरला विचारतो, “ही सलमा आपलीच का? तिला रुग्णांचे कागद पाहण्याची परवानगी आहे का?” उत्तर आले, की पडदा उघडतो. सलमाला हे काहीच दिसत नाही. तिला फक्त एवढेच कळते, की संगणक सुरू झाला.

पण उत्तर आलेच नाही तर? संगणक चांगला आहे, वीज आहे, सलमाही हजर आहे. तरी काम सुरू होत नाही. रुग्णाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे पाहता येत नाही. एक सर्व्हर गप्प बसला, की त्याच्यावर अवलंबून असलेली शंभर कामे थांबतात. म्हणूनच डिरेक्टरी सर्व्हरवर रात्रंदिवस लक्ष ठेवावे लागते.

हे लक्ष कसे ठेवतात? हकीम किंवा डॉक्टर आजाऱ्याची नाडी पाहतात, तसेच. तुम्ही घरी जिला ‘नब्ज’ म्हणता, तिलाच मराठीत ‘नाडी’ म्हणतात. सर्व्हरची नाडी पाहण्यासाठी दुसरा एक संगणक नेमतात. तो दर मिनिटाला सर्व्हरला हाक मारतो. आपले चार प्रश्न इथे पुन्हा येतात.

पहिला प्रश्न, घंटा वाजते का? पाहणारा संगणक एक छोटा संदेश पाठवतो आणि तो परत येतो का, हे पाहतो. संदेश परत आला, तर यंत्र चालू आहे आणि वाटही मोकळी आहे. पण एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. घरात दिवा लागला आहे, म्हणजे घरातले जागे आहेत असे थोडेच आहे? यंत्र चालू असते, पण त्यावरचा डिरेक्टरीचा कार्यक्रम बंद पडलेला असू शकतो.

म्हणून दुसरा प्रश्न, कोणी फोन उचलते का? एलडॅपसाठी यंत्रावर एक ठरावीक दार असते. त्याचा क्रमांक ३८९. पाहणारा संगणक या दारावर थाप देतो आणि आपली ओळख सांगतो. सर्व्हरने ती ओळख मान्य केली, तर फोन उचलला असे समजायचे.

तिसरा प्रश्न, उत्तर बरोबर आहे का? शिक्षक हजेरी घेतात, ते आठवा. (‘हजेरी’ हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. अरबीतला ‘हाजिर’ फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि त्यापासून ‘हजेरी’ तयार झाला.) एखादा मुलगा झोपेतच “हजर” म्हणतो. तो खरोखर जागा आहे का, हे पाहायचे असेल, तर शिक्षक त्याला प्रश्न विचारतात. तसेच इथेही करतात. डिरेक्टरीत चाचणीसाठी एक खोटी नोंद ठेवतात. त्या नोंदीचे उत्तर आधीच माहीत असते. पाहणारा संगणक तीच नोंद मागतो. आलेले उत्तर आणि माहीत असलेले उत्तर जुळले, तरच सर्व्हर उत्तीर्ण. या कामासाठी जे खाते वापरतात, त्याला फक्त वाचण्याची परवानगी देतात. नाडी पाहायला आलेल्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या कशाला द्यायच्या?

चौथा प्रश्न, किती वेळ लागला? प्रश्न पाठवल्यापासून उत्तर मिळेपर्यंतच्या वेळेला ‘प्रतिसाद-काळ’ म्हणतात. तो मिलिसेकंदांत मोजतात. एका सेकंदाचे हजार भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे एक मिलिसेकंद. इतक्या लहान वेळेची एवढी काळजी का करायची, असे तुम्हांला वाटेल. पण एखादे पान उघडण्यासाठी संगणक डिरेक्टरीला वीस वेळा प्रश्न विचारत असेल, तर प्रत्येक वेळचा थोडा उशीर वीसपट होतो. शिवाय उशीर ही आजाराची पहिली खूण असते. ताप येण्याआधी अंग जड होते ना? तसा सर्व्हरही बंद पडण्याआधी अनेकदा मंद होतो.

मंद होण्याची कारणे पुष्कळ असतात. कधी एकदम फार लोक येतात. सकाळी कचेरी उघडताना शेकडो संगणक एकाच वेळी सुरू होतात. कधी स्मृती अपुरी पडते आणि सर्व्हरला पुन्हा पुन्हा डिस्ककडे धाव घ्यावी लागते. कधी सूची नसते. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असेल, तर हवे ते पान चटकन सापडते. ती नसेल, तर पहिल्या पानापासून शोधावे लागते. डिरेक्टरीचेही तसेच आहे. ज्या गोष्टीची सूची केलेली नाही, ती विचारली, तर सर्व्हरला एकेक नोंद तपासत बसावे लागते. दोनशे नोंदी असताना हा दोष कळत नाही. दोन लाख नोंदी झाल्या, की तो उघडा पडतो.

आता एक छोटे गणित करू या. सर्व्हरला दहा प्रश्न विचारले. नऊ प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आली. दहावे उत्तर यायला मात्र २००० मिलिसेकंद, म्हणजे पूर्ण दोन सेकंद लागले. सरासरी काढा. नऊ दाहे नव्वद आणि दोन हजार मिळून २०९०. त्याला दहाने भागले, की २०९ मिलिसेकंद. पण गंमत पाहा. २०९ मिलिसेकंद कोणालाच लागले नाहीत! नऊ जणांना ते वाटते त्यापेक्षा पुष्कळ लवकर उत्तर मिळाले आणि दहाव्याला फार उशिरा मिळाले. सरासरीने दोघांचीही खरी हकीकत लपवली.

म्हणून जाणकार माणसे केवळ सरासरीवर विसंबत नाहीत. ती शंभर उत्तरे वेळेच्या चढत्या क्रमाने मांडतात आणि पंचाण्णव्या उत्तराला किती वेळ लागला, ते पाहतात. त्यावरून रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या माणसाचे हाल कळतात. कोणतीही सेवा चांगली आहे का, हे रांगेतल्या शेवटच्या माणसाला विचारावे, नाही का?

मोठ्या संस्था एकाच सर्व्हरवर अवलंबून राहत नाहीत. त्या डिरेक्टरीच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवतात. एक बंद पडला, तर दुसरा उत्तर देतो. पण यातून एक नवा प्रश्न निर्माण होतो. सगळ्या प्रती सारख्या आहेत का? समजा, एका कर्मचाऱ्याचे ओळखपत्र चोरीला गेले. अधिकाऱ्यांनी पहिल्या सर्व्हरवर त्याचे खाते ताबडतोब बंद केले. ही खबर दुसऱ्या सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही. मग चोर दुसऱ्या दाराने खुशाल आत जाईल! तो दुसरा सर्व्हर चालू आहे, झटपट उत्तरही देतो आहे. पण त्याचे उत्तर शिळे आहे. हा दोष शोधण्यासाठी एक युक्ती करतात. पहिल्या सर्व्हरवरच्या चाचणीच्या नोंदीत आत्ताची वेळ लिहितात. मग ती वेळ दुसऱ्या सर्व्हरवर केव्हा दिसते, ते मोजतात.

दोष सापडला, की इशारा द्यायचा. इथेही तारतम्य लागते. एकदा उत्तर चुकले, की लगेच मध्यरात्री माणसाला उठवायचे का? ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट तुम्ही ऐकली आहे. खोट्या हाका ऐकून ऐकून गावकरी कंटाळले आणि खरा लांडगा आला तेव्हा कोणीच धावले नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी लागोपाठ तीन वेळा चूक झाली, तरच इशारा देतात. शिवाय पाहणारा संगणक एकाच जागी ठेवत नाहीत. दोन-तीन ठिकाणांहून पाहतात. कारण एकाच खिडकीतून पाहणाऱ्याला आपली खिडकी धुळीने भरली आहे की बाहेर धुके पडले आहे, हे कळत नाही.

हे सारे किती महत्त्वाचे आहे, हे सांगणारी एक खरी घटना ऐका.

इंटरनेटचीही स्वतःची एक डिरेक्टरी आहे. इंटरनेटवरच्या यंत्रांना आकड्यांचे पत्ते असतात. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, नावे राहतात. पूर्वी सर्व नावे आणि त्यांचे आकडे एकाच यादीत लिहिलेले असत. ती यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळत असे. यंत्रे वाढली आणि एक यादी पुरेनाशी झाली. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी पद्धत तयार केली. तिच्यात नावांची जबाबदारी अनेक सर्व्हरवर वाटून दिली आहे. या पद्धतीला ‘डीएनएस’ म्हणतात. तुम्ही एखादे नाव लिहिले, की आधी डीएनएसचा सर्व्हर त्याचा आकडी पत्ता शोधून देतो. मगच पुढचा प्रवास सुरू होतो.

४ ऑक्टोबर २०२१ हा दिवस. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. अचानक फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप बंद पडले. केवळ भारतात नव्हे, साऱ्या जगात. कोट्यवधी लोकांचे निरोप अडकले. सुमारे सहा तास ही स्थिती होती.

काय झाले होते? कंपनीने नंतर स्वतःच त्याची हकीकत प्रसिद्ध केली. नेहमीच्या देखभालीचे काम चालू असताना एक आज्ञा दिली गेली. त्या आज्ञेमुळे कंपनीच्या मोठमोठ्या संगणक-केंद्रांना जोडणारे सगळे दुवे तुटले. अशा चुकीच्या आज्ञा अडवण्यासाठी एक तपासनीस कार्यक्रम होता. पण त्यातच दोष होता. त्याने ती आज्ञा अडवली नाही.

पुढची गोष्ट आपल्या पाठाची आहे. कंपनीचे डीएनएस सर्व्हर जगभरातल्या लहान केंद्रांत होते. त्यांना एक नियम शिकवलेला होता. “मुख्य केंद्राशी तुमचे बोलणे होत नसेल, तर तुमची जोडणी आजारी आहे असे समजा आणि आपली पाटी उतरवा. म्हणजे लोक दुसऱ्या सर्व्हरकडे जातील.” नियम चांगलाच होता. एक सर्व्हर आजारी पडला, की तो बाजूला होई आणि बाकीचे काम सांभाळत. पण त्या रात्री मुख्य केंद्रांशी कोणाचेच बोलणे होईना. प्रत्येक सर्व्हरला वाटले, की आपणच आजारी आहोत. एकेकाने आपली पाटी उतरवली. शेवटी एकही पाटी उरली नाही. सर्व्हर चालू होते, पण त्यांच्यापर्यंत जाण्याचा रस्ताच कोणाला दिसेना.

संकट एवढ्यावर थांबले नाही. दुरुस्तीसाठी कंपनीचे अभियंते जी साधने वापरत, त्यांतील पुष्कळ साधनेही त्याच डीएनएसवर अवलंबून होती. तीही बंद पडली. अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रावर जावे लागले. तिथला बंदोबस्त कडक होता. आत जाऊन काम सुरू करण्यात वेळ गेला. इकडे लोकांचे फोन आणि संगणक उत्तर मिळत नाही म्हणून पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले. जगभरातल्या इतर डीएनएस सर्व्हरवर त्याचा भार पडला. क्लाउडफ्लेअर या कंपनीने हा भार नेहमीच्या ३० पट असल्याचे नोंदवले. दुवे जोडले गेल्यावरही सर्व कामे एकदम सुरू केली नाहीत. गर्दीने पुन्हा सारे कोसळू नये, म्हणून ती सावकाश सुरू केली. अशा प्रसंगांचा सराव कंपनीने आधी केला होता. तो त्या दिवशी उपयोगी पडला.

मुलांनो, या घटनेतून काय शिकायचे? एक तर, नाडी पाहणाराही चुकू शकतो. म्हणून त्याचीही तपासणी हवी. दुसरे, सगळेच एकदम आजारी दिसू लागले, तर आजार रुग्णांत नसून दुसरीकडे असू शकतो. अशा वेळी घाईने पाट्या उतरवू नयेत. तिसरे, दुरुस्तीची शिडी त्याच घरात कुलूपबंद ठेवू नये, ज्या घराची दुरुस्ती करायची आहे.

उद्या सकाळी तुमच्या शाळेच्या कार्यालयातला संगणक नाव विचारील आणि क्षणात उघडेल. व्हॉट्सॲपवर तुमचा निरोप जाईल. कोणाला काही विशेष वाटणार नाही. पण त्या क्षणी कुठेतरी एक संगणक दुसऱ्या संगणकाची नाडी पाहत असेल आणि एखादा जागा माणूस त्याच्या आकड्यांकडे बघत असेल. ज्यांचे काम नीट चालले की कोणाच्या लक्षातही येत नाही, अशा माणसांपैकी तो एक. आपल्या गावातही अशी माणसे आहेत. पहाटे पाण्याच्या टाकीची पातळी पाहणारा माणूस त्यांच्यापैकीच. तो दिसला, तर त्याला सलाम जरूर करा.

शब्दार्थ
ठणठणीत – निरोगी, तंदुरुस्त
परवलीचा शब्द – ओळख पटवण्यासाठीचा गुप्त शब्द
प्रतिसाद – उत्तर
अवजड – फार जड
विसंबणे – अवलंबून राहणे, भरवसा ठेवणे
तारतम्य – कमी-जास्त ओळखण्याची समज
शिळे – ताजे नसलेले
पाटी उतरवणे – (येथे) आपण सेवेसाठी हजर नाही असे जाहीर करणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) १९७ हा नंबर कशासाठी वापरत?
(आ) मिलिसेकंद म्हणजे काय?
(इ) एलडॅपचे नियम कोणत्या विद्यापीठात तयार झाले?
२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) यंत्र चालू असणे पुरेसे का नाही?
(आ) डिरेक्टरीच्या प्रती सारख्या नसल्या, तर कोणता धोका असतो?
(इ) ४ ऑक्टोबर २०२१ रोजी डीएनएस सर्व्हरनी आपली पाटी का उतरवली?
३. गणित करा.
सर्व्हरने चार उत्तरे २० मिलिसेकंदांत आणि पाचवे उत्तर ९२० मिलिसेकंदांत दिले. सरासरी काढा. या सरासरीने काय लपवले, ते लिहा.
४. ‘हजेरी’, ‘खबर’, ‘हकीकत’ हे शब्द उर्दूतही आहेत किंवा त्यांच्याशी जवळचे शब्द उर्दूत आहेत. असे आणखी पाच मराठी शब्द शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.